मनोविकार कक्षात एचआयव्हीची गोळी का थांबते?

माननीय संपादक,

एचआयव्हीबद्दल वर्तमानपत्रांत येणारा मजकूर बहुधा दोन प्रकारचा असतो. कधी एखाद्या नव्या इंजेक्शनची बातमी, कधी १ डिसेंबरच्या जागतिक एड्स दिनानिमित्त आकडेवारी. स्किझोफ्रेनिया, बायपोलर विकार किंवा भास-भ्रमांसह तीव्र नैराश्य असलेल्या आणि सोबत एचआयव्हीची लागणही झालेल्या माणसांचा उल्लेख त्यात सहसा सापडत नाही. अनेक देशांतल्या पाहण्यांत या गटात एचआयव्हीचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा जास्त आढळले आहे. तीव्र मनोविकार असलेली माणसे इतरांपेक्षा १० ते २० वर्षे आधी मरतात आणि त्यातले बरेचसे मृत्यू टाळता येण्यासारख्या शारीरिक आजारांनी होतात, हे जागतिक आरोग्य संघटना कित्येक वर्षे सांगत आली आहे. तरी मनोविकार विभागात एचआयव्हीचा विषय निघत नाही आणि एआरटी केंद्रात, म्हणजे जिथे एचआयव्हीची औषधे (एआरटी) मिळतात तिथे, मनाचा. उपचार नेमके कुठे तुटतात आणि तिथे काय करता येते, एवढे मांडण्यासाठी हे पत्र.

पहिला अडसर एका समजुतीचा आहे. ‘यांना गोळ्या सुरू करून उपयोग नाही, घेणारच नाहीत, आधी मन ताळ्यावर येऊ दे, मग बघू.’ हे ‘मग’ महिनोन्महिने लांबते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सीडी फोरचा (रोगप्रतिकारक पेशींचा) आकडा कितीही असो, प्रत्येक बाधिताला एआरटी द्यावी असे सांगितले. २०१७ मध्ये त्यापुढे जाऊन निदानानंतर ७ दिवसांच्या आत, आणि रुग्णाची तयारी असेल तर त्याच दिवशी गोळ्या सुरू कराव्यात असे सुचवले. थांबायचे असते ते मेंदूच्या आवरणाला सूज असताना: क्रिप्टोकॉकस या बुरशीच्या मेनिन्जायटिसमध्ये ४ ते ६ आठवडे, टीबीच्या मेनिन्जायटिसमध्ये ४ ते ८ आठवडे. ‘स्किझोफ्रेनिया असल्यास थांबा’ असे त्यात कुठेही नाही. मानसिक उपचार नीट चालू असलेले रुग्ण एआरटीही इतरांइतक्याच नेमाने घेतात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. गोळ्या सुटतात त्या उपचाराविना राहिलेल्या नैराश्याने, दारूने, डोक्यावर छप्पर नसल्याने आणि दुष्परिणामांकडे कोणी लक्ष न दिल्याने. यातले एकही कारण केसपेपरवरच्या निदानात वाचता येत नाही. त्यासाठी माणसाला विचारावे लागते.

तपासणीचेही तसेच. भास-भ्रमाची पहिली लक्षणे घेऊन आलेल्या प्रत्येक रुग्णाला एचआयव्ही आणि सिफिलिस या दोन्ही चाचण्या सुचवायला हव्यात. एक तर या गटात धोका जास्त. दुसरे म्हणजे हे दोन्ही आजार मेंदूत शिरून हुबेहूब मनोविकारासारखी लक्षणे दाखवू शकतात. प्रत्यक्षात चाचणी होते ती ‘संशय आला’ तर, आणि संशय येतो तो रुग्णाच्या कपड्यांवरून, बोलण्यावरून किंवा वैवाहिक स्थितीवरून. याला वैद्यकीय निकष म्हणत नाहीत.

संमतीचा प्रश्न इथे हमखास पुढे केला जातो, म्हणून थोडे तपशिलात. निदान झाले म्हणून निर्णयक्षमता जात नाही. ती त्या त्या वेळेपुरती आणि त्या त्या निर्णयापुरती तपासायची असते. सांगितलेले समजले का, थोडा वेळ लक्षात राहिले का, त्याचे फायदे-तोटे तोलता येतात का आणि आपला निर्णय कसाही, अगदी खुणेने का होईना, कळवता येतो का: चार गोष्टी, शांत खोलीत दहा मिनिटे. गुंगीच्या इंजेक्शननंतर दोन तासांनी कागदावर घेतलेली सही ही संमती नव्हे. चाचणीची घाई क्वचितच असते. आज नाही म्हणालेल्याला परवा पुन्हा विचारता येते, आणि परवा तो बहुधा हो म्हणतो. उलट, नातेवाइकांना विचारून रुग्णाला न सांगता चाचणी उरकणे आणि निकालही आधी त्यांनाच सांगणे हे सर्रास चालते. त्याचा परिणाम घरी जाण्याच्या दिवशी कळतो: न्यायला कोणी येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारातले कलम १२ कायद्यापुढच्या समान क्षमतेबद्दल आहे आणि कलम २५ आरोग्यसेवेबद्दल. दोन्ही मनोसामाजिक (म्हणजे मनोविकारांमुळे येणाऱ्या) अपंगत्वालाही लागू आहेत, याची आठवण रुग्णालयांना वेळोवेळी करून द्यावी लागते.

आता मूळ दुखण्याकडे. एआरटी चालू असलेला रुग्ण मॅनियाच्या (बेभान अतिउत्साहाच्या) झटक्यात रात्री दाखल होतो. सोबतच्या माणसाला एचआयव्हीबद्दल माहीत नसते, किंवा माहीत असून तो चारचौघांत बोलत नाही. गोळ्यांची डबी घरी राहते. दाखल करताना लिहिल्या जाणाऱ्या औषधांच्या तक्त्यात मनोविकाराची औषधे येतात, एआरटी येत नाही, कारण ती या विभागाच्या साठ्यात नाही. पहिली रात्र जाते, मग आठवडा, मग तीन. घरी जाताना दिलेल्या चिठ्ठीत तक्त्यावरचीच औषधे उतरवली जातात आणि रुग्णाला वाटते, डॉक्टरांनी ती जुनी गोळी बंद केली.

यात तीन प्रकारचे नुकसान होते. व्हायरल लोड (रक्तातले विषाणूचे प्रमाण) पुन्हा चढतो, हे सर्वांना माहीत असते. दुसरे कमी जणांना ठाऊक असते: एआरटीतली टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन ही दोन औषधे हिपॅटायटिस बी च्या विषाणूलाही दाबून ठेवतात. ज्याला दोन्ही संसर्ग आहेत त्याची ही औषधे एकदम तुटली तर यकृताची सूज उसळून येते, प्रसंगी जिवावर बेतते. मनोविकार कक्षात त्या काविळीचा ठपका मग क्लोरप्रोमाझिन किंवा व्हॅलप्रोएट या मनोविकाराच्या औषधांवर येतो. तिसरे नुकसान औषध-प्रतिकाराचे. जुन्या एकत्रित गोळीतले तिसरे औषध, एफाव्हिरेन्झ, शरीरात दीर्घकाळ रेंगाळते. तिन्ही औषधे एकाच दिवशी थांबली तरी बाकीची दोन आधी उतरतात आणि ते एकटेच उरते, आणि एकट्या औषधाला विषाणू लवकर सरावतो. आता त्याच्या जागी आलेले डोलुटेग्राविर याबाबतीत बरेच चिवट आहे, पण म्हणून ते तोडायला मोकळीक मिळत नाही.

उपाय साधा आहे. दाखल करतानाच्या तक्त्यावर एक ओळ कायमची छापलेली हवी: ‘दीर्घकाळ चालू असलेली इतर औषधे, शेवटची मात्रा कधी घेतली.’ हा प्रश्न रुग्णाला एकट्याला विचारायचा. उत्तरात एआरटी आली तर ती त्याच रात्री चालू ठेवायची, आणि त्यासाठी मनोविकार विभागाच्या औषधभांडारात टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोलुटेग्राविर ५० मिलिग्रॅम अशी एकत्रित गोळी दोन आठवडे पुरेल इतकी तरी ठेवायची. सकाळी एआरटी केंद्राला फोन करून नेमकी औषधे पडताळायची. आमच्या मते या एवढ्याने निम्मा प्रश्न सुटेल.

उरलेला निम्मा औषधांच्या एकमेकांशी होणाऱ्या झटापटीत आहे, आणि इथे दोन्ही बाजूंचे डॉक्टर घाबरून चुकीच्या दिशेने पाऊल टाकतात. कार्बामाझेपिन घ्या. मूड स्थिर ठेवायला आणि फिट्सवर ते सर्रास दिले जाते. ते यकृतातली औषध मोडणारी यंत्रणा चेतवते आणि डोलुटेग्राविरचे शरीरातले एकूण प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणते. रुग्ण एकही गोळी न चुकवता व्हायरल लोड वाढतो आणि केसपेपरवर शेरा येतो, ‘औषधे नियमित घेत नाही’. अशा वेळी डोलुटेग्राविर ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा द्यावे लागते, म्हणजे एकत्रित गोळीनंतर १२ तासांनी ५० ची वेगळी गोळी. कार्बामाझेपिन बंद केले तरी त्याचा असर लगेच जात नाही. दुसरी गोळी आणखी दोन आठवडे चालू ठेवावी. टीबीसाठी रिफाम्पिसिन चालू असेल तरी हेच गणित, शिवाय ते हॅलोपेरिडॉल, क्वेटियापिन, क्लोझापिन या भास-भ्रमांवरच्या औषधांचीही पातळी खाली आणते. टीबीचे उपचार सुरू झाल्यावर भास परत आले तर रुग्णाने गोळ्या थुंकल्या असे मानण्याआधी हे तपासावे.

कार्बामाझेपिनऐवजी व्हॅलप्रोएट चालते, डोलुटेग्राविरशी त्याचे फारसे वाकडे नाही. मात्र मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला ते देऊ नये. गरोदरपणात घेतल्यास दर १० बाळांपैकी सुमारे एकात जन्मजात व्यंग आढळते. ज्यांना अजून झिडोव्हुडिन हे एचआयव्हीचे जुने औषध आहे त्यांच्यात व्हॅलप्रोएटने झिडोव्हुडिनची पातळी वाढते, म्हणून हिमोग्लोबिन पाहत राहावे.

मूड स्थिर ठेवणाऱ्या लिथियमची गोष्ट वेगळी. लिथियम आणि टेनोफोविर दोन्ही मूत्रपिंडावर ताण देऊ शकतात, म्हणून जोडी निषिद्ध नसली तरी सुरुवातीला आणि नंतर ठरावीक अंतराने क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातला घटक) व लिथियमची पातळी पाहायला हवी. गोंधळ होतो तो डोलुटेग्राविरमुळे. ते मूत्रपिंडाला इजा न करता, क्रिएटिनिन बाहेर टाकण्याची एक वाट अडवते. पहिल्या चार आठवड्यांत क्रिएटिनिन साधारण ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरने चढते आणि तिथेच स्थिरावते. रिपोर्ट पाहून कोणी घाईने लिथियम बंद करतो. चांगला सावरलेला रुग्ण दोन महिन्यांत पुन्हा मॅनियात जातो. चार आठवड्यांनंतरही आकडा चढतच राहिला, लघवीत प्रथिने दिसली किंवा लिथियमची पातळी वर गेली, तर मात्र टेनोफोविरचा विचार करायला हवा.

ओलान्झापिन आणि क्लोझापिनने वजन आणि साखर वाढते. डोलुटेग्राविरनेही अनेकांचे वजन वाढते. मग साखरेवरचे मेटफॉर्मिन येते. डोलुटेग्राविरसोबत मेटफॉर्मिन दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर नेऊ नये, हे मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात माहीत नसते, कारण तिथे एआरटीबद्दल कोणी सांगितलेलेच नसते. क्लोझापिनवरच्या रुग्णाला झिडोव्हुडिन किंवा जंतुसंसर्गावरचे कोट्रायमोक्साझोल देताना पांढऱ्या पेशी घटण्याचा धोका दुणावतो. झिडोव्हुडिन बदलता येते, तसे बदलावे. दुसऱ्या फळीच्या (पहिली एआरटी निकामी ठरल्यावरच्या) उपचारात रिटोनाविर हे औषध आले की मनोविकाराची औषधे नव्याने तपासायलाच हवीत. क्वेटियापिनची मात्रा सहाव्या हिश्श्यावर आणावी लागते (काही देशांत तर ही जोडी निषिद्धच आहे), ल्युरासिडोन आणि पिमोझाइड देऊच नयेत. आणि आजार बळावलेल्या एचआयव्ही रुग्णाला हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांनी अंग आखडणे, मान वळणे हे त्रास लवकर होतात. मात्रा थोडीच ठेवून हळूहळू वाढवावी.

आता कक्षातले एक दृश्य, कारण चूक बऱ्याचदा तिथेच होते. सकाळी औषधांची ट्रॉली फिरते. प्लास्टिकच्या एकाच छोट्या कपात लोहाची गोळी, कॅल्शियम, डोलुटेग्राविर आणि वर पित्तावरचे पातळ औषध. मॅग्नेशियम-अॅल्युमिनियमचे हे पातळ औषध डोलुटेग्राविरला पोटातच पकडून ठेवते. रक्तात पोहोचते ते थोडेसेच. डोलुटेग्राविर त्याच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर द्यायला हवे. लोह आणि कॅल्शियम जेवणासोबत दिले तर एकत्र चालते, उपाशीपोटी नाही. सिस्टरच्या हाती असलेल्या तक्त्यावर ही एक ओळ लिहिली की काम होते. त्यासाठी कोणत्याही प्रशिक्षण-कार्यशाळेची गरज नाही.

एफाव्हिरेन्झबद्दल स्वतंत्र सांगायला हवे. भयंकर स्वप्ने, निद्रानाश, नैराश्य, आत्महत्येचे विचार, क्वचित भास-भ्रम हे त्याचे ठाऊक असलेले दुष्परिणाम आहेत. २०१९ पासून जागतिक आरोग्य संघटनेची पहिली पसंती डोलुटेग्राविरला आहे. ज्याला मनोविकार आहे आणि जो अजूनही एफाव्हिरेन्झवर आहे, त्याचे औषध बदलले का गेले नाही, हे एआरटी केंद्राला विचारावेच. डोलुटेग्राविरनेही काहींची झोप उडते. गोळी रात्रीऐवजी सकाळी दिली की बहुतेकांचे भागते. थोड्यांना, विशेषतः आधी नैराश्य असलेल्यांना, मन खचल्यासारखे होते. म्हणून औषध बदलल्यानंतरचे पहिले दोन महिने लक्ष ठेवावे.

उलट बाजूची चूकही जीवघेणी आहे. आधीच मनोविकाराचे निदान असलेल्या बाधित रुग्णाचे वागणे बदलले की सगळे म्हणतात, ‘आजार उलटला.’ पण नवी डोकेदुखी, ताप, दुहेरी दिसणे, एका बाजूची कमजोरी, दिवसागणिक हेलकावणारी शुद्ध, दोन-तीन आठवड्यांत आलेला विसराळूपणा, यांपैकी काहीही असेल तर गुंगीचे औषध वाढवण्याआधी सीडी फोर पाहावा. तो २०० च्या खाली असेल तर रक्तातली क्रिप्टोकॉकस प्रतिजनाची चाचणी, मेंदूचा स्कॅन आणि गरजेप्रमाणे पाठीतल्या पाण्याची तपासणी. टॉक्सोप्लाझ्मा (मेंदूत शिरणारा परजीवी), टीबी, सिफिलिस यांवर औषधे आहेत. उशीर झाल्यावर ती उपयोगी पडत नाहीत.

लैंगिक अत्याचाराबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. मनोविकार असलेल्या स्त्रिया, आणि पुरुषही, संस्थेत, रस्त्यावर आणि घरात याला जास्त बळी पडतात. तक्रार केली तर ‘भ्रम होतोय’ म्हणून ती नोंदलीही जात नाही. संसर्ग टाळण्यासाठीची औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी, आणि २८ दिवस घ्यावी लागतात. तक्रार खरी की खोटी याचा निवाडा व्हायला आठवडे लागतील. औषधे त्यासाठी थांबू शकत नाहीत. पहिली मात्रा द्यावी, मग चौकशी करावी. सोबत हिपॅटायटिस बी ची लस आणि स्त्रीला ५ दिवसांच्या आत आपत्कालीन गर्भनिरोधक. पुढे २८ दिवस गोळ्या कोण देणार, त्याचे नाव त्याच दिवशी लिहावे, नाहीतर पहिल्या आठवड्यानंतर त्या सुटतात. कंडोमबाबतही तेच. ‘इथे तसले काही होत नाही’ असे संस्था सांगतात आणि कंडोम ठेवत नाहीत. होते. ठेवावेत.

एआरटी केंद्रांनी काय करावे? दर भेटीत नैराश्याचे दोन प्रश्न विचारावेत: गेल्या दोन आठवड्यांत मन उदास होते का, कशात रस वाटेनासा झाला का. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण देऊन बेरीज ३ किंवा अधिक आली तर नऊ प्रश्नांची पूर्ण प्रश्नावली, आणि तिच्यात १० किंवा अधिक आले तर मनोविकारतज्ज्ञांकडे. नुसती चिठ्ठी देऊन नव्हे. तारीख ठरवून, सोबत कोणीतरी देऊन. ज्याला गर्दीत आवाज ऐकू येतात त्याला तीन तासांच्या रांगेत बसवू नये, पहिला किंवा शेवटचा क्रमांक द्यावा. एकदम तीन किंवा सहा महिन्यांच्या गोळ्या देण्याची सोय या रुग्णांनाही मिळावी. इथे एक बारकावा आहे: आत्महत्येचा धोका असलेल्याकडे एआरटीचा साठा असणे तितके घातक नाही, जितका लिथियमचा किंवा नैराश्यावरच्या अॅमिट्रिप्टिलिनचा साठा असणे आहे. एआरटी तीन महिन्यांची आणि ही औषधे एका आठवड्याची, अशी विभागणी करता येते. दोन्ही विभाग एकमेकांशी बोलत असतील तर.

एचआयव्हीच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या इंजेक्शनांविषयी बरेच विचारले जाते. कॅबोटेग्राविर ६०० आणि रिल्पिव्हिरिन ९०० मिलिग्रॅम, दोन्ही नितंबांत एकेक. सुरुवातीच्या दोन वेळा महिन्याच्या अंतराने आणि मग दर दोन महिन्यांनी. जुलै २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ज्यांचा विषाणू गोळ्यांनी आधीच दबलेला आहे आणि ज्यांना हिपॅटायटिस बी नाही, अशांसाठी हा पर्याय सुचवला. मनोविकाराचे दरमहा इंजेक्शन घेणाऱ्याला हे एकाच दिवशी, एकाच खोलीत देता येईल, ही कल्पना आम्हाला फार आवडते. पण कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटॉन किंवा रिफाम्पिसिन चालू असताना हे इंजेक्शन देता येत नाही. आणि इंजेक्शन सुटले तर औषधाचा अंश वर्षभर किंवा त्याहूनही जास्त शरीरात रेंगाळतो, तेवढा काळ प्रतिकार निर्माण व्हायला वाव मिळतो. तारीख चुकलेल्याच्या दारात जाणारा कार्यकर्ता नसेल, तर बाटली कितीही महाग असो, तिचा उपयोग नाही.

गोपनीयतेच्या नावाखाली दोन विभाग एकमेकांना काहीच सांगत नाहीत आणि त्याच वेळी खाटेवर लाल खूण लावतात, हा विरोधाभास आम्ही वारंवार पाहतो. खूण काढावी, रक्त हाताळताना सर्वांसाठी सारखीच काळजी घ्यायची असते, वेगळी खाट किंवा वेगळे ताट लागत नाही. माहिती मात्र रुग्णाला विचारून, उपचार करणाऱ्यांपुरती दिलीच पाहिजे. सर्व औषधांची एकच यादी, तारखेसह, रुग्णाच्या खिशात मावेल अशी. तिच्यावर आजाराचे नाव नको, औषधांची नावे पुरेत. तिच्या मागे एका माणसाचे नाव आणि फोन: दाखल झाल्यावर, घरी जाताना, औषध बदलल्यावर ज्याला कळवायचे तो. तो परिचारक असो, समुपदेशक असो की औषधनिर्माता. घरी जाण्याच्या चिठ्ठीवर एआरटीची पुढची तारीख लिहिल्याशिवाय आणि त्या माणसाला फोन झाल्याशिवाय रुग्णाची सुट्टी होऊ नये, एवढा एक नियम प्रत्येक रुग्णालयाच्या अधीक्षकांना स्वतःच्या सहीने काढता येतो. त्याला वेगळे अनुदान लागत नाही.

आपले,
एचआयव्ही आणि मानसोपचार सेवेत काम करणारे काही डॉक्टर, समुपदेशक आणि औषधनिर्माते